दहाच्या ठोक्याला फुलणारी सोबत

प्रत्येक फुलाची एक ठरलेली वेळ असते. पारिजातक पहाटे सडा घालून मोकळा होतो. गुलबक्षी उन्हं कलली की डोळे उघडते. रातराणी दिवेलागणीनंतर दरवळू लागते आणि ब्रह्मकमळासाठी तर घरातल्यांनी मध्यरात्रीपर्यंत जागायचं असतं. ही सगळी फुलं माणसं घरी असतानाच्या वेळा सांभाळतात. पण एक फूल असं आहे, की ते नेमकं घर रिकामं झालं की उमलतं. डबे भरून झालेले असतात, मुलं शाळेत पोहोचलेली असतात, कमावती माणसं बस किंवा मेट्रोत उभी असतात, आणि इकडे गॅलरीतल्या कुंडीत गुलाबी, पिवळ्या, केशरी, पांढऱ्या पाकळ्या उघडतात. दुपारी दोन-तीनच्या सुमारास मिटूनही जातात. संध्याकाळी दमून घरी परतलेल्या माणसाला दिसतात त्या फक्त चुरगळलेल्या कागदासारख्या पाकळ्या.

लोकांनी या फुलाला नाव दिलंय 'ऑफिस टाईम'. रोपवाटिकेत 'चिनी गुलाब' म्हणून मागितलं तरी हेच मिळतं. गंमत अशी, की ज्यांना ऑफिस असतं त्यांना हे फूल फक्त रविवारी दिसतं. मग ते असतं कोणाचं? दिवसभर घरी राहणाऱ्या माणसाचं. आमच्या घरी ते माझ्या सासूबाईंचं आहे.

ना चिनी, ना गुलाब

नावात चीन आणि गुलाब दोन्ही असले तरी या झाडाचा दोघांशीही संबंध नाही. ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. जॉन गिलीस नावाच्या स्कॉटिश डॉक्टरला ते अर्जेंटिनात, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी मेंदोसाच्या परिसरातल्या रेताड जमिनीवर भरपूर वाढलेलं दिसलं. विल्यम हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि 'पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा' असं नाव दिलं. ग्रँडिफ्लोरा म्हणजे मोठ्या फुलांचं.

आपल्या ओळखीचा त्याचा सख्खा नातेवाईक म्हणजे घोळ. पावसाळ्यात शेताच्या बांधावर आपोआप उगवणारी, डाळ घालून केली की आंबटसर लागणारी घोळीची भाजी. दोघांची ठेवण एकच. मांसल, रसदार पानं, लालसर देठ आणि उंच होण्याऐवजी जमिनीवर पसरत जाण्याचा स्वभाव. चिनी गुलाब वीतभरापेक्षा उंच जात नाही, पण आडवा पसरून जमीन झाकून टाकतो. कुंडीत लावला तर काठावरून खाली ओघळतो.

बाजारात याचे दोन प्रकार मिळतात. एकाची पानं सुईसारखी बारीक आणि फुलं भरगच्च असतात. दुसऱ्याची पानं घोळीसारखी रुंद आणि फुलं बहुधा पाच पाकळ्यांची असतात. बागकामाच्या पुस्तकांत पहिल्याची गणना वर्षभरात संपणाऱ्या झाडांत केलेली असते, दुसरा मात्र उबदार हवेत वर्षानुवर्षं टिकतो. बारीक पानांचा प्रकारही फांद्या लावत राहिलं तर संपत नाही. पण हे टिकणं हवेवर अवलंबून असतं. ते आम्हाला कसं कळलं, ते पुढे सांगते.

घराला कुलूप नको

सासरे गेल्यानंतर, २०२२ च्या फेब्रुवारीत, आई वाईहून आमच्याकडे दिल्लीला राहायला आल्या. पूर्व दिल्लीतल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. वाईला त्यांची सकाळ कृष्णेच्या घाटापासून सुरू व्हायची. दूधवाला, भाजीवाली, देवळातल्या बायका, समोरच्या वाड्यातली मंडळी असं करत बारा कधी वाजायचे ते त्यांना कळायचं नाही. इथे साडेआठला हे बाहेर पडतात, नऊला मी. मुलगी त्याआधीच शाळेत गेलेली असते. त्यानंतर दारावरची बेल वाजली तर ती कुरिअरवाल्याची. त्याच्याशी हिंदीत बोलावं लागतं आणि आईंचं हिंदी म्हणजे 'रख दो' आणि 'साब नहीं है' एवढंच.

संध्याकाळी आम्ही एकमेकींशी काय बोलायचो? "जेवलात का?" "जेवले." "गोळी घेतलीत?" "घेतली." "कोणी आलं होतं?" "कोण येणार?" भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. पण बोलायला विषयच नव्हता. माझ्या दिवसात त्यांना रस वाटावा असं काही नव्हतं आणि त्यांच्या दिवसात तर काही घडतच नव्हतं.

एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "बरं झालं मी आले. तुमच्या घराला कुलूप लावायला नको." सूर थट्टेचा होता. हे हसलेसुद्धा. पण त्या रात्री भांडी आवरताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

दिल्लीत हातगाडीवर कुंड्या आणि रोपं विकणारे गल्लीगल्लीतून हिंडतात. मार्चमधल्या एका दुपारी असाच एक गाडीवाला खाली ओरडत होता, "नौ बजिया ले लो!" आईंना 'नौ' तेवढं कळलं. नऊ रुपयांना काय मिळतंय म्हणून त्या जिना उतरून खाली गेल्या. गाडीवर त्यांना दिसलं ते ओळखीचं झाड. संध्याकाळी मला म्हणाल्या, "अगं, ही तर घोळ! घोळीला फुलं लावून विकतोय मेला. चाळीस रुपये घेतले." कुंडी मात्र त्यांनी सोडली नव्हती.

आठवड्याभरात त्या एका कुंडीच्या चार झाल्या. जुनी प्लास्टिकची ट्रे, माठाचा फुटका बूड, आईस्क्रीमचा मोठा डबा, जे हाताला लागेल त्यात त्यांनी काड्या खुपसल्या. मग एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये, दुधाच्या हिशेबाशेजारी, बारीक अक्षरात आकडे दिसले. सोमवारी ११. मंगळवारी १४. बुधवारी १९.

"हे काय?" मी विचारलं.

"फुलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोणाला दिसत नाहीत ना, म्हणून लिहून ठेवते."

त्या दिवसापासून घरात आल्यावर चप्पल काढायच्या आधी मी कॅलेंडर बघू लागले. आकडा कमी असला की का कमी, वाढला की कोणता रंग वाढला, असं बोलणं निघायचं. तिथून गाडी कुठेही वळायची. वाईच्या वाड्यातली जास्वंद, सासऱ्यांचा तुळशीवरचा जीव, त्यांच्या लग्नातल्या मुंडावळ्या. बोलायला विषय मिळाला होता.

एका फुलाची अनेक घड्याळं

गॅलरीत रंग दिसायला लागल्यावर माणसंही दिसायला लागली. समोरच्या इमारतीतल्या बंगाली काकू गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरीच असायच्या. त्यांनी गॅलरीतून हाक मारून या फुलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "टाइम फूल!" पाचव्या मजल्यावर एक मल्याळी नर्स राहते. रात्रपाळी करून ती सकाळी घरी येते. तिच्याकडेही हीच कुंडी होती. तिच्या भाषेत याचं नाव 'पत्तुमणि पूवु', म्हणजे दहा वाजताचं फूल. आमच्या गाडीवाल्याचं 'नौ बजिया' आपण ऐकलंच. आणि हे आपल्यापुरतंच नाही. व्हिएतनाममध्येही याला दहा वाजताचं फूल म्हणतात आणि ब्राझीलमध्ये त्याचं नाव आहे 'अकरा वाजता'.

नऊ, दहा की अकरा? आई आणि नर्सबाईंचा यावर वाद व्हायचा. दोघींमध्ये एकही भाषा धड सामाईक नव्हती, तरी व्हायचा. नर्सबाईंचं फूल आधी उमलायचं, कारण पाचव्या मजल्यावर ऊन आधी पोहोचतं. हे फूल घड्याळाकडे पाहत नाही, उन्हाकडे पाहतं. प्रकाश आणि ऊब पुरेशी झाली की पाकळ्या उघडतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये ते लवकर उमलतं, ऑक्टोबरमध्ये उशिरा, आणि आभाळ भरून आलं असेल तर कळी दिवसभर मिटलेलीच राहते. जुलैतल्या काही तारखांसमोर आईंनी स्वच्छ शून्य लिहून ठेवलं आहे.

फुलांच्या या वेळा पाहून लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५१ साली फुलांचंच घड्याळ करता येईल, अशी कल्पना मांडली होती. ठरावीक वेळी उमलणारी आणि मिटणारी फुलं ओळीने लावायची, की कोणतं उघडलं आहे ते पाहून वेळ सांगता येईल. आईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यात काय? आम्ही गुलबक्षी फुलली की चहा टाकायचो."

भाषेचा प्रश्नही त्यांनी आपल्या परीने सोडवला. हिंदी येत नसलं तरी स्तोत्रं सगळी पाठ. बंगाली काकूंना त्या म्हणाल्या, "जल कमी." काकूंना 'जल' कळलं. नर्सबाईंना 'सूर्य' आणि 'पुष्प' कळलं. देवघरातले शब्द असे गॅलरीत कामाला आले. जूनपर्यंत काड्यांची देवाणघेवाण सुरू झाली. बंगाली काकूंचा लाल आमच्याकडे आला, आमचा पिवळा पाचव्या मजल्यावर गेला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काडीबरोबर कधी नारळाची वडी यायची, कधी केळ्याचे वेफर्स जायचे. दहा वाजता घरी असलेली माणसं अशी एकमेकींना सापडत गेली.

इमारतीतली मुलंही सुट्टीत यायला लागली. त्यांच्यासाठी आईंनी एक खेळ शोधला होता. उमललेल्या फुलाच्या मधल्या पुंकेसरांना गवताच्या काडीने हळूच स्पर्श करायचा. थोड्या वेळात ते जागचे हलतात. मधमाशीच्या अंगाला पराग लागावेत म्हणून झाडाने केलेली ही सोय आहे.

लावायचं कसं?

हे झाड लावायला माळी लागत नाही. दोन गोष्टी मात्र हव्यातच, भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन मिळत नसेल, तर पानं होतील पण फुलं येणार नाहीत.

कुंडी उथळ चालते. सहा इंच खोल पुरे, पण तळाला भोकं हवीत. एक भाग बागेतली माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं खत असं मिश्रण करावं. खताचा मोह टाळावा. नत्र जास्त झालं की झाड पानांनी माजतं आणि फुलं रोडावतात.

तीन-चार इंचांची शेंड्याकडची काडी तोडावी, खालची पानं काढावीत आणि कापलेलं टोक सुकावं म्हणून काही तास सावलीत ठेवावी. मग दोन-दोन इंचांवर काड्या खोचून हलकं पाणी द्यावं. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात आणि महिन्याभरात पहिली फुलं दिसू लागतात. बियांपासूनही रोपं होतात. फूल गळून गेल्यावर मागे एक इवलीशी डबी राहते. ती पिकली की तिचं झाकण आपोआप निघतं आणि आत खसखशीएवढं बारीक, करडं, चमकदार बी असतं. ते मातीवर नुसतं भुरभुरावं, वर मातीचा थर घालू नये, कारण उगवायला त्याला उजेड लागतो.

पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून पाहावं. वरचा इंचभर थर कोरडा असेल तरच पाणी द्यावं. दिल्लीच्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, लू वाहते, तुळससुद्धा मान टाकते. पण हे झाड हसत असतं. त्याचं कारण त्याच्या कुळात आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्यात पाणी गमावतात. ज्वारी, मका, ऊस यांच्याकडे उन्हात कमी पाण्यावर जास्त अन्न करण्याची युक्ती असते. निवडुंगासारखी झाडं रात्री हवा साठवून पाणी वाचवतात. घोळीच्या कुळाकडे दोन्ही युक्त्या आहेत. घोळ पाण्याचा ताण पडला की एकाच पेशीत या दोन्ही पद्धती एकत्र वापरते, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं.

म्हणून या झाडाला कोरडेपणाचं भय नाही, भय आहे ते पाण्याचं. पावसाळ्यात सतत भिजलं तर देठ काळे पडून कुजतात, तेव्हा कुंड्या छपराखाली सरकवाव्यात. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसून साबणाचं पाणी किंवा निंबोळी तेल फवारावं. फुलांचा एक बहर ओसरला की वरच्या फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात. त्याने झाड दाट होतं आणि छाटलेल्या काड्या शेजारी द्यायला होतात.

रोपवाटिकेत जमीन झाकणारी फुलझाडं मागितली, तर बरेचदा पिवळ्या फुलांचा वेडेलिया पुढे केला जातो. रस्त्यांच्या दुभाजकांवर दिसतो तोच. तो स्वस्त असतो आणि झपाट्याने वाढतो, पण त्याची प्रत्येक गाठ जमिनीला टेकली की मूळ धरते. जगातल्या १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. घराजवळ ओढा, शेत किंवा मोकळी जमीन असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. चिनी गुलाब त्यामानाने सोज्वळ. आपल्या कुंडीत राहतो, फार तर शेजारच्या कुंडीत बी टाकतो.

दिल्लीत एक वर्ष, वाईत अनेक

त्या वर्षी दिवाळीला आई वाईला जायला निघाल्या. घराची कामं होती. जाताना एका डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस काड्या घेतल्या. "घाटावरच्या बायकांना दाखवते, घोळ दिल्लीत चाळीस रुपयांना मिळते म्हणून," असं म्हणत त्या गेल्या. संक्रांतीपर्यंत तिथेच राहायचं ठरलं.

दिल्लीची थंडी या झाडाला मानवत नाही. नोव्हेंबरात फुलं थांबली. डिसेंबरच्या धुक्यात पानं पिवळी पडली आणि जानेवारीत कुंड्यांत नुसते तपकिरी देठ उरले. बंगाली काकूंचीही तीच गत झाली. पाचव्या मजल्यावर काचा लावलेल्या गॅलरीत तेवढी एक कुंडी तग धरून होती. कॅलेंडरवर दुधाचे आकडे मी लिहीत होते, फुलांची जागा कोरी होती.

आणि एके दिवशी साडेदहा वाजता ऑफिसात फोन वाजला. वाईहून आई बोलत होत्या. "आज सात फुललीत," त्या म्हणाल्या. वाड्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी ऊन चांगलं येतं. थंडीत वाढ मंदावली, फुलं कमी झाली, पण झाड जिवंत होतं. जे झाड दिल्लीत एका वर्षात संपलं, तेच वाईत दुसऱ्या वर्षात चाललं होतं.

त्या फोनवर आम्ही आणखी एक गोष्ट ठरवली. मनात ती दोघींच्याही होती, पण बोललं कोणी नव्हतं. आईंनी कायमचं दिल्लीला राहायचं की कायमचं वाईला, असा प्रश्न आम्ही उगाच धरून बसलो होतो. मार्च ते दिवाळी दिल्ली, दिवाळी ते मार्च वाई, असं त्यांनीच सुचवलं. "थंडीत तिथे माझे गुडघेही आखडतात," त्या म्हणाल्या. सगळं काही सुरळीत झालं, असं नाही. दिल्लीत त्यांना अजून घाट आठवतो. वाईत नातीच्या आठवणीने जीव खालीवर होतो. पण 'कुलूप' हा शब्द पुन्हा त्यांच्या तोंडून आलेला नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये पुण्याहून निझामुद्दीनला येणाऱ्या गाडीतून त्या उतरल्या, तेव्हा हातात तोच डबा होता. मांसल काड्या दोन-तीन दिवसांचा प्रवास सहज सोसतात. या खेपेला मागायला शेजारी आले आणि द्यायला आई होत्या. बंगाली काकूंचा लाल रंग त्यांच्या स्वतःच्या गॅलरीतून नाहीसा झाला होता, तो वाईहून परत आला. आता दर वर्षी असंच चालतं.

आपल्या घरातही कोणीतरी दिवसभर एकटं राहत असेल. निवृत्त वडील, आजारातून उठलेली आई, बाळंतीण बहीण. संध्याकाळी आपण त्यांना "दिवस कसा गेला?" असं विचारतो आणि "गेला" हे उत्तर ऐकून पुढच्या कामाला लागतो. त्यांच्यासाठी मोठं काही करणं प्रत्येक वेळी शक्य नसतं. पण या मार्चमध्ये शेजारून चार काड्या मागून आणा आणि उन्हाच्या जागी एका फुटक्या डब्यात लावायला त्यांच्याच हातात द्या. पाणी आपण घालू नका, त्यांना घालू द्या. महिन्याभराने संध्याकाळी घरी आल्यावर प्रश्न थोडा बदलून विचारा, "आज किती फुलली?"

उत्तर आकड्यात येईल, पण बोलणं आकड्यावर थांबणार नाही.